खोट्या बंदुका आणि खरे कायदे : नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्या नगरसेवकपदाचे प्रकरण

ऑगुस्तो बोआल हे नाव महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानावर पडले ते नाट्यशिबिरांतून. शिबिराच्या पहिल्या सकाळी डोळे मिटून चालण्याचे, एकमेकांचे पुतळे घडवण्याचे आणि गोलात उभे राहून आवाज काढण्याचे जे खेळ घेतले जातात, त्यांतले अनेक त्यांचे असतात. परंतु खेळ शिकवणाऱ्याला त्यांचा जन्म कुठे झाला हे सांगायला वेळ नसतो आणि शिकणाऱ्याला ते विचारायचे सुचत नाही. त्यामुळे ज्या माणसाने चार दशकांत नाट्यदिग्दर्शक, राजकीय कैदी, निर्वासित आणि शेवटी रिओ दी जानेरो शहराचा निवडून आलेला नगरसेवक अशी वाट चालली, तो आपल्याकडे खेळांचा संग्राहक म्हणूनच उरला आहे.

या टिपणाचा विषय ती वाट आहे, आणि त्यातही 1993 ते 1996 ही नगरसेवकपदाची चार वर्षे. एखादा रंगकर्मी 'समाजकार्याकडे वळला' असे आपण लिहितो, तेव्हा वळणे ही त्याच्या मनाची घटना होती असे गृहीत धरतो. बोआल यांच्या बाबतीत ते गृहीतक टिकत नाही. त्यांना तीन वेळा समोरच्या माणसांनी अडवले, आणि प्रत्येक वेळी त्यांनी रंगमंचावरचा आपला एकेक हक्क सोडून दिला. पहिल्यांदा उपदेशाचा, दुसऱ्यांदा शेवट ठरवण्याचा आणि तिसऱ्यांदा बाहेर उभे राहून टीका करण्याचा.

बेकरीवाल्याचा मुलगा

बोआल यांचा जन्म 16 मार्च 1931 रोजी रिओच्या पेन्या या कामगार वस्तीच्या भागात झाला. वडील पोर्तुगालहून आलेले, बेकरी चालवणारे. मुलाने रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढच्या अभ्यासासाठी तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथे रासायनिक अभियांत्रिकीच्या जोडीने त्याने जॉन गॅसनर यांच्याकडे नाट्यलेखनाचे धडे घेतले. घरच्यांना अभियंता हवा होता आणि मुलाला नाटक हवे होते, ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

1956 मध्ये ते साओ पाउलोच्या 'अरेना' या रंगमंडळात दिग्दर्शक म्हणून दाखल झाले. नावाप्रमाणेच तिथे रंगमंच मधोमध होता आणि प्रेक्षक चहूबाजूंनी बसत. शहरातील उच्चभ्रू रंगभूमी त्या काळात युरोपीय नाटकांच्या देखण्या प्रयोगांत रमलेली असताना अरेनाने ब्राझीलची भाषा, ब्राझीलचे कामगार आणि त्यांचे संप मंचावर आणले. 1958 मध्ये त्यांनी नाट्यलेखनाची कार्यशाळा सुरू केली आणि त्यातून नव्या लेखकांची एक पिढी उभी राहिली. या टप्प्यावर बोआल यांचे राजकारण स्पष्ट होते आणि रंगभूमीबद्दलची त्यांची कल्पनाही तितकीच स्पष्ट होती: ज्यांना कळले आहे त्यांनी मंचावरून सांगावे आणि ज्यांना कळलेले नाही त्यांनी खाली बसून ऐकावे.

विर्जिलिओचा प्रश्न

साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे मंडळ ब्राझीलच्या ईशान्येकडील दुष्काळी, जमीनदारी प्रदेशात खेळ करत फिरत होते. एका गावातील प्रयोगाचा शेवट असा होता की शेतकऱ्यांच्या वेषातील नट बंदुका उंचावून, जमिनीच्या मुक्तीसाठी रक्त सांडायला तयार असल्याचे समूहगीत गात. प्रयोग संपल्यावर विर्जिलिओ नावाचा एक शेतकरी डोळ्यांत पाणी घेऊन त्यांच्यापाशी आला. त्याला नाटक मनापासून पटले होते. त्याच्या एका सोबत्याची जमीन जमीनदाराच्या गुंडांनी बळकावली होती. तेव्हा आता सगळ्यांनी मिळून जेवावे आणि मग या बंदुका घेऊन त्या गुंडांना हुसकावून लावावे, असे त्याचे सरळ म्हणणे होते.

बंदुका खोट्या आहेत, नाटकापुरत्या केलेल्या आहेत, असे बोआल यांनी ओशाळत सांगितले. त्यावर विर्जिलिओचे उत्तर होते की बंदुका खोट्या असतील तर टाकून द्या, तुम्ही माणसे तर खरी आहात ना. आमच्याकडे सर्वांना पुरतील इतक्या बंदुका आहेत. मग बोआल यांना कबूल करावे लागले की आम्ही खरे कलावंत आहोत, खरे शेतकरी नाही. तेव्हा विर्जिलिओने ओळखले, आणि बोलूनही दाखवले, की हे कलावंत जेव्हा रक्त सांडण्याची भाषा करतात तेव्हा ते शेतकऱ्यांच्या रक्ताबद्दल बोलत असतात.

ही कथा बोआल यांनी स्वतः पुढे अनेक ठिकाणी सांगितली आणि लिहिली. सांगण्याच्या ओघात तिला थोडी झिलई चढली असेल, असे मानायला हरकत नाही. पण तिचे वजन त्यामुळे कमी होत नाही, कारण ती सांगणाऱ्याच्या विरुद्ध जाते. जो धोका आपण पत्करणार नाही तो दुसऱ्याला पत्करायला सांगायचा नाही, हा नियम त्यांनी त्या दिवसापासून स्वतःला घालून घेतला आणि उपदेशाची नाटके लिहिणे सोडले.

येथे आपल्याकडील एका परंपरेची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, त्याआधी सत्यशोधक जलसे गावोगावी फिरले, आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांतून गायले गेले. त्यांतही मंचावरून सांगणे होतेच, आणि ते ठाम होते. मात्र गिरणी कामगारांसमोर गाणारे अण्णा भाऊ स्वतः मुंबईच्या चाळीत आणि झोपडीत राहिलेले होते. विर्जिलिओचा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसता, कारण रक्त कोणाचे याबद्दल शंकाच नव्हती. बोआल यांची अडचण बाहेरून आलेल्या, शिकलेल्या, सद्भावनेने भारलेल्या कलावंताची आहे, आणि आज महाराष्ट्रात एखाद्या संस्थेच्या प्रकल्पासाठी वस्तीत पथनाट्य करायला जाणाऱ्या तरुणांची अडचण जलशांपेक्षा बोआल यांच्या अडचणीशी अधिक जुळते.

तुरुंग, मग परदेश

1964 मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि डिसेंबर 1968 मध्ये लष्करी सरकारने काढलेल्या पाचव्या संस्थात्मक आदेशानंतर उरलेसुरले नागरी स्वातंत्र्यही संपले. सेन्सॉरच्या कात्रीखाली अरेनाने 'वृत्तपत्र नाट्य' नावाचा प्रकार शोधला: त्या दिवशीच्या छापील बातम्याच घ्यायच्या, त्या वेगळ्या क्रमाने किंवा वेगळ्या चालीत वाचायच्या, वगळलेला संदर्भ जोडायचा, आणि ही युक्ती कोणालाही शिकवायची, म्हणजे नट नसले तरी चालेल. 1971 मध्ये बोआल यांना रस्त्यावरून उचलण्यात आले आणि तुरुंगात त्यांचा छळ झाला. परदेशात जाऊन ब्राझीलमध्ये छळ होतो असे सांगत देशाची बदनामी केली, हा आरोप छळ करणाऱ्यांनी त्यांना छळत असतानाच ऐकवला, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. सुटकेनंतर ते पत्नी सेसिलिया यांच्या देशात, अर्जेंटिनात गेले. देशाबाहेरचे हे वास्तव्य पंधरा वर्षांचे ठरले.

लिमामधील बाई

1973 मध्ये पेरू सरकारने एक व्यापक साक्षरता मोहीम हाती घेतली. तिच्यामागे ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्या शिक्षणविचाराची प्रेरणा होती आणि स्पॅनिशबरोबरच लोकांच्या स्वतःच्या भाषांत, तसेच छायाचित्रण आणि नाटक या 'भाषांत'ही साक्षरता मोजली जावी असा तिचा आग्रह होता. नाटकाच्या भागासाठी बोआल यांना बोलावण्यात आले.

या मोहिमेतील एक छायाचित्र मला नाट्यप्रयोगांहूनही बोलके वाटते. राजधानी लिमामधील मुलांच्या हातात कॅमेरा देऊन त्यांना विचारले गेले की शोषण म्हणजे काय ते दाखवा. एका मुलाने भिंतीवरच्या खिळ्याचे छायाचित्र आणले. मोठ्यांना अर्थ लागेना. वर्गातल्या इतर मुलांना मात्र लगेच लागला. ही मुले शहरात बूटपॉलिश करत आणि राहायला दूरच्या वस्तीत जात. पॉलिशची जड पेटी रोज वाहून नेणे परवडत नसल्यामुळे ती रात्री दुकानातल्या खिळ्याला अडकवून ठेवावी लागे, आणि त्या खिळ्याचे भाडे दुकानदार घेई. शोषणाची व्याख्या शोधणाऱ्या मोठ्यांच्या नजरेतून तो खिळा सुटला असता.

त्या काळात बोआल एक नवी पद्धत वापरत होते. वस्तीतील कोणी आपली अडचण सांगे, नट ती पेच उभा राहीपर्यंत करून दाखवत, मग खेळ थांबवून प्रेक्षकांना पुढे काय करावे ते विचारत आणि सुचवलेले उपाय तिथल्या तिथे करून दाखवत. उपदेश गेला होता. सूचना प्रेक्षकांच्या होत्या. पण हातपाय अजून नटांचेच होते.

एक निरक्षर बाई आली. घर बांधण्यासाठी म्हणून तिचा नवरा तिच्याकडून पैसे घेत असे आणि पावत्या म्हणून काही कागद तिच्या हाती देत असे; ते कागद तिने जपून ठेवले होते. एक दिवस शेजारणीकडून वाचून घेतले तेव्हा कळले की ती दुसऱ्या बाईने नवऱ्याला लिहिलेली प्रेमपत्रे होती. आता नवरा घरी येणार होता आणि तिने काय करावे हा प्रश्न होता. प्रेक्षकांनी उपाय सुचवले आणि ते करून दाखवले गेले. त्यात एक धिप्पाड बाई होती. तिचे म्हणणे असे की नवऱ्याशी अगदी स्पष्ट बोलावे आणि मग माफ करावे. नटीने तसे केले. बाईचे समाधान झाले नाही. हे स्पष्ट बोलणे नव्हे, असे तिचे म्हणणे. पुन्हा केले, पुन्हा नाही. शेवटी चिडून बोआल यांनी तिला सांगितले की तुम्हीच वर या आणि काय म्हणायचे ते दाखवा. ती वर आली आणि तिने नवरा झालेल्या नटाला बदडून काढले, मग माफ केले, आणि माफ केल्यावर जेवण आणायला त्याला आत पाठवले.

ही चिडचिड नसती तर पुढचे काही घडले नसते, असे मला वाटते. मंचावरची रेघ कोणी ठरवून पुसली नाही. दिग्दर्शकाचा संयम सुटला म्हणून ती ओलांडली गेली. त्यानंतर या पद्धतीचा, म्हणजे फोरम थिएटरचा, नियम पक्का झाला: प्रेक्षकाने सुचवायचे नाही, उठायचे, पीडित पात्राची जागा घ्यायची आणि आपला उपाय स्वतःच्या अंगाने करून पाहायचा. मध्ये उभा राहून हा व्यवहार चालवणाऱ्याला बोआल यांनी 'जोकर' म्हटले. हा विदूषक नव्हे, पत्त्यांच्या कॅटमधला जोकर, जो कोणत्याही पानाच्या जागी लागतो. आपला सूत्रधार नाटकाची सूत्रे हातात धरतो. या सूत्रधाराने ती इतरांच्या हाती द्यायची असतात.

1974 मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये त्यांचे 'शोषितांची रंगभूमी' हे सिद्धान्ताचे पुस्तक स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाले. 1976 मध्ये अर्जेंटिनातही लष्कर आले, तेव्हा ते लिस्बनला आणि तिथून 1978 मध्ये पॅरिसला गेले. युरोपातील वर्षे कामाच्या दृष्टीने भरगच्च होती, परंतु या प्रकरणापुरते एवढेच पुरे की तिथल्या लोकांच्या डोक्यात बसलेल्या पोलिसाशी, म्हणजे आतून अडवणाऱ्या धाकाशी, कसे लढावे यावर ते प्रयोग करत राहिले, आणि डोक्याबाहेरचे पोलीस मागे सोडून आलेल्या माणसाला ते सुरुवातीला विषयांतर वाटले असावे.

निवडणूक

1986 मध्ये ते रिओला परतले. राज्याचे तेव्हाचे उपराज्यपाल आणि मानववंशशास्त्रज्ञ दार्सी रिबेरो यांनी त्यांना नव्या पूर्णवेळ सरकारी शाळांमध्ये नाटकाचे काम करण्यासाठी बोलावले होते. सरकार बदलले आणि काम थांबले. उरले ते कार्यकर्त्यांचे एक छोटे केंद्र, ज्याला पैसा नव्हता. 1992 च्या सुमारास केंद्र बंद करण्यापर्यंत गोष्टी आल्या. केंद्र संपायचेच असेल तर वाजतगाजत संपावे, म्हणून त्यांनी त्या वर्षीच्या महापालिका निवडणुकीत कामगार पक्षाच्या प्रचाराला आपले नाटक देऊ केले. पक्षाने मदत स्वीकारली, पण अट घातली की तुमच्यातल्या एकाने उमेदवारही व्हावे.

हा तिसरा अडथळा. बोआल यांनी अट मान्य केली ती आपण हरणार या भरवशावर. ते निवडून आले.

जे केंद्र बंद करण्यासाठी ही सगळी धडपड होती, त्या केंद्राच्या कार्यकर्त्यांना त्यांनी नगरसेवकाच्या कार्यालयातील साहाय्यक म्हणून नेमले. यावर आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाही पाहिजे: करदात्यांच्या पैशावर एका नाट्यसंस्थेचे पगार निघाले. नगरसेवकाला साहाय्यक नेमण्याचा अधिकार होताच आणि हे लोक वस्त्यांतच काम करत होते, हे त्यावरचे उत्तर खरे आहे. तरीही केंद्राचे आयुष्य चार वर्षांच्या निवडणूक चक्राला बांधले गेले, ही गोष्ट त्या उत्तराने मिटत नाही, आणि पुढे तिने त्रास दिलाच.

नाट्यगृहाशेजारचे सभागृह

रिओची नगर परिषद तेव्हा सिनेलांदिया चौकातील पेद्रु एर्नेस्तु प्रासादात भरत असे. या इमारतीला लोक 'सोन्याचा पिंजरा' म्हणतात. जवळच शहराचे भव्य महानगर नाट्यगृह आहे. बोआल यांना दोन्ही इमारती सारख्याच परक्या होत्या आणि त्यांनी कामाची मांडणी दोन्हींच्या बाहेर केली.

चार वर्षांत त्यांच्या कार्यालयाने वस्त्यांत, संघटनांत आणि समान अडचण असलेल्या लोकांत सुमारे 19 नाट्यगट उभे केले. वृद्धांचे गट होते, अंधांचे होते, घरकामगारांचे होते, झोपडपट्ट्यांचे होते. प्रत्येक गट आपल्या जगण्यातील एक पेच घेऊन नाटक बसवे आणि ते चौकात, शाळेत किंवा दुसऱ्या गटासमोर करे. वृद्धांचे नाटक झोपडपट्टीतील तरुण पाहत आणि तरुणांचे वृद्ध. प्रेक्षक उठून उपाय करून पाहत. या प्रत्येक बैठकीचा अहवाल लिहिला जाई.

तो अहवाल कार्यालयातील एका छोट्या गटाकडे जाई. त्याला बोआल चयापचय करणारा गट म्हणत, म्हणजे खाल्लेल्याचे रक्त करणारा. या गटाने ठरवायचे की लोकांनी करून पाहिलेल्या उपायांतून काय निघते. कायद्याची गरज असेल तर वकिलाने मसुदा करायचा, कायदा आधीच असून तो पाळला जात नसेल तर न्यायालयात किंवा प्रशासनाकडे जायचे, आणि दोन्ही नसेल तर प्रत्यक्ष जागेवर हस्तक्षेप करायचा. अनेक प्रश्नांना नव्या कायद्याची गरजच नसते, हे या प्रक्रियेत लोकांना आणि नगरसेवकालाही नाटकातूनच कळले, असे म्हणावे लागेल. याशिवाय चौकात सभागृहासारखी बैठक भरवून एखाद्या प्रलंबित विधेयकावर लोकांकडून भाषणे आणि मतदान करवून घेण्याची पद्धत त्यांनी वापरली.

योगायोग असा की ज्या वर्षी हे सुरू झाले त्याच वर्षी, एप्रिल 1993 मध्ये, आपल्याकडे 73 वी घटनादुरुस्ती अमलात येऊन ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. ग्रामसभेत हात वर करणाऱ्याला ठराव कसा लिहावा हे कोणी शिकवले नाही, हा तिचा तेव्हापासूनचा दुबळेपणा आहे.

या प्रक्रियेतून 13 कायदे झाले. त्यांतील एकावर थोडे थांबले पाहिजे. ब्राझीलमधील सार्वजनिक दूरध्वनीवर अंड्याच्या आकाराचे एक मोठे छत्र असे. लोक त्याला 'मोठा कान' म्हणत. छत्र बारीक खांबावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला आणि पदपथावर पुढे आलेले. अंध माणसाची पांढरी काठी जमिनीलगत फिरते, त्यामुळे ती छत्राखालच्या मोकळ्या जागेतून निघून जाई आणि कपाळ छत्रावर आदळे. अंधांच्या गटाने हेच नाटकात आणले. उपाय असा निघाला की छत्राखाली सिमेंटचा एक उंचवटा करावा, म्हणजे काठी आधी त्याला लागेल. अशा टांगत्या अडथळ्यांखाली उंचवटा असावा असा कायदा झाला.

हा कायदा अगदी लहान आहे, आणि या प्रकरणाची किंमत तिथेच कळते. डोळस नियोजकाला हा अपघात दिसत नाही, कारण त्याच्या लेखी छत्राखालची जागा रिकामी, म्हणजे सुरक्षित आहे. लेखी निवेदनात तो वर्णन करता येतो, पण निवेदन वाचणाऱ्याला काठीची उंची आणि कपाळाची उंची यांतले अंतर अंगात जाणवत नाही. मंचावर काठी पुढे जाते आणि माणूस धडकतो, तेव्हा मसुद्याला लागणारे मोजमापच समोर उभे राहते. लिमामधल्या खिळ्याचे आणि रिओमधल्या उंचवट्याचे नाते मला येथे दिसते.

इतर कायद्यांपैकी एक महापालिकेच्या रुग्णालयांत वृद्धांसाठी स्वतंत्र वैद्यकीय सोय करण्याविषयी होता. आणखी एक, गुन्ह्यांच्या साक्षीदारांना संरक्षण देण्याचा. त्याची पार्श्वभूमी भीषण आहे: 23 जुलै 1993 च्या रात्री कांदेलारिया चर्चजवळ झोपलेल्या आठ मुलांना आणि तरुणांना ठार मारण्यात आले, आणि पाचच आठवड्यांनी विगारियू जेराल या वस्तीत 21 रहिवाशांची हत्या झाली. दोन्हींत पोलीस गुंतलेले होते. अशा शहरात साक्ष देणे म्हणजे मरण ओढवून घेणे, आणि साक्षीदार नसेल तर खटला उभा राहत नाही. साक्षीदार संरक्षणाचा देशव्यापी कायदा ब्राझीलमध्ये 1999 मध्ये झाला. रिओच्या नगर परिषदेने त्याआधी पाऊल टाकले होते.

हिशेब

1996 च्या निवडणुकीत बोआल हरले. कार्यालय गेले, पगार गेले, आणि पगारावर चालणारे अनेक गट विखुरले. या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याने हा भाग घाईने ओलांडू नये. लोकांना कायदा करण्याच्या जवळ नेणारी एक यंत्रणा उभी राहिली होती, पण तिच्या शेवटच्या टोकाला सभागृहात हात वर करणारा एक माणूस लागत होता, आणि तो माणूस गेल्यावर अहवाल कोणाकडे पाठवायचे हे कोणालाच सांगता येईना. उपदेशाचा हक्क सोडता आला, शेवट ठरवण्याचा हक्कही सोडता आला. मतदानाचा हक्क मात्र गटांना वाटून देता आला नाही, कारण तो कायद्याने एकट्या नगरसेवकाचा होता.

दुसरी मर्यादा पद्धतीतच आहे. फोरममध्ये पीडित व्यक्ती आणि तिच्यासमोर उभा असलेला पीडक अशी मांडणी लागते. नवरा, मुकादम, रुग्णालयातला कारकून मंचावर आणता येतात. व्याजदर आणणे कठीण. म्हणून 13 कायद्यांपैकी जे ठसठशीत झाले ते रस्त्यावरचे, रुग्णालयातले, अंगाला भिडणारे आहेत. शहराच्या अर्थसंकल्पापर्यंत हे नाटक पोहोचले नाही. मी याला अपयश म्हणणार नाही, कारण अर्थसंकल्पापर्यंत पोहोचलेल्या नगरसेवकांपैकी फार थोड्यांना छत्राखालची मोकळी जागा दिसली असती. पण ही पद्धत सर्व रोगांवरचे औषध म्हणून विकणाऱ्या शिबिरांना हे ठाऊक असावे. पीडक कोण हे न विचारता फोरमचे खेळ कंपन्यांच्या कर्मचारी प्रशिक्षणात वापरले जातात, तेव्हा तर त्यातून विर्जिलिओचा प्रश्नच काढून टाकलेला असतो.

पराभवानंतर केंद्र मोडले नाही. ते तुरुंगांत गेले, भूमिहीनांच्या चळवळीकडे गेले. 1998 मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांचा 'मारियास दु ब्राझील' हा गट तयार झाला. गटाच्या नावातच बहुतेक मोलकरणींचे नाव मारिया असते हा टोमणा आहे. त्यांच्यापैकी एक बाई मोठ्या नाट्यगृहातील प्रयोगानंतर रंगपटात आरशासमोर रडत बसली होती, असे बोआल यांनी लिहिले आहे. कोणाच्या नजरेला न पडता काम करणे हीच चांगल्या मोलकरणीची खूण, असे तिला आयुष्यभर शिकवले गेले होते. आणि त्या रात्री दिव्यांखाली ती उभी राहिली तेव्हा ज्यांच्या घरी ती राबत होती ते लोक अंधारात गप्प बसून तिच्याकडे पाहत होते. आरशात तिला मोलकरणीऐवजी एक बाई दिसली.

भारतात हे काम सर्वांत खोल रुजले ते पश्चिम बंगालमध्ये. 1985 मध्ये सुंदरबन भागात सुरू झालेल्या संजय गांगुली यांच्या 'जन संस्कृती'ने शेतमजुरांच्या गटांना घेऊन दारू, हुंडा आणि स्थानिक सत्ता यांवर फोरमचे प्रयोग केले, आणि 2006 मध्ये कोलकात्यात झालेल्या त्यांच्या मेळाव्याला बोआल स्वतः आले होते. महाराष्ट्रात आपण त्यांचे खेळ घेतले. गावातच राहून वर्षानुवर्षे तेच नाटक परत परत करण्याचा बंगाली हट्ट आपण घेतला नाही.

मार्च 2009 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक रंगभूमीचे राजदूत म्हणून गौरवले आणि 2 मे 2009 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, रिओमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, एप्रिल 2013 मध्ये, ब्राझीलच्या संविधानात दुरुस्ती होऊन घरकामगारांना कामाचे ठरावीक तास आणि इतर कामगारांना असलेले बरेचसे हक्क मिळाले. ती दुरुस्ती घरकामगार संघटनांच्या अनेक दशकांच्या लढ्याने आली. तिचे श्रेय एका नाट्यगटाला देणे चुकीचे ठरेल. रिओच्या रस्त्यांवरचे मोठे कान तोवर मोबाइलमुळे ओस पडले होते.